देवाला श्रेय देताना माणसांची नावे गाळू नयेत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंत विद्यार्थ्यांच्या मुलाखती आपल्या दैनिकात छापून येतात आणि 'या यशाचे श्रेय कोणाला द्याल?' हा प्रश्न त्यांत ठरलेला असतो. बहुतेक मुले आई-वडिलांचे आणि शिक्षकांचे नाव घेतात. आमच्या ख्रिस्ती समाजातील मुले त्याआधी 'सर्व श्रेय प्रभू येशूला' असे म्हणतात. रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेपासून हेच कानांवर पडत आल्यामुळे ते वाक्य त्यांच्या तोंडी सहज येते, आणि ते तसे यावे असेच मलाही वाटते. माझी तक्रार आहे ती मोठ्या माणसांच्या तोंडी गेल्यावर त्या वाक्याचे जे होते त्याबद्दल. पुण्यातील मराठी मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांच्या, कामात बरीच वर्षे वावरल्यावर माझे असे मत झाले आहे की, देवाला श्रेय देण्याच्या आमच्या प्रचलित रीतीत माणसांचे ऋण बुडवण्याची एक सोय होऊन बसली आहे, आणि तिला पवित्र शास्त्राचा आधार नाही. घरातले बोलणे वर्तमानपत्रात कशाला, असे काही बंधुभगिनींना वाटेल. परंतु 'कर्ता करविता तो' असे म्हणण्याची सवय महाराष्ट्रात सगळ्याच धर्मांच्या लोकांना आहे, तेव्हा इतर वाचकांनाही हा विषय परका वाटू नये.

मूळ सिद्धान्ताबद्दल आमच्यात वाद नाही. ख्रिस्ती जीवनात जे काही चांगले घडते ते देवाच्या कृपेने घडते. तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय, आणि सगळे मिळालेलेच असेल तर फुशारकी कशाची, असे येशूचा प्रेषित पौल याने करिंथ नगरातील ख्रिस्ती लोकांना पत्रातून विचारले होते. पाचव्या शतकाच्या आरंभी, माणूस स्वतःच्या प्रयत्नाने पुण्यवान होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलागियसच्या अनुयायांशी वाद चालू असताना बिशप ऑगस्टीनने लिहिले की, देव आपल्या पुण्याईला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. पुढे सोळाव्या शतकात कृपा आणि कर्मे यांच्या नात्यावरूनच पश्चिमेकडील चर्च दुभंगले. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे प्रॉटेस्टंटांमधील लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कर्तबगारीमुळे नव्हे, हे दोघांनी मिळून मान्य केले. सिटी चर्चमध्ये मिस्साला जाणारा कॅथलिक आणि पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयात उपासनेला बसणारा प्रॉटेस्टंट यांना निदान या मुद्द्यावरून भांडण्याचे कारण उरलेले नाही.

घोटाळा होतो तो यानंतर. ज्या पौलाच्या आधारावर आपण हे सगळे बोलतो, त्याचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य आमच्या व्यासपीठांवर अर्धेच म्हटले जाते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की, मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे. तेथे तो थांबत नाही. इतर सर्व प्रेषितांपेक्षा मी अधिक श्रम केले, असे तो बिनदिक्कत सांगतो आणि मग जोडतो की, ते मी नव्हे, तर माझ्याबरोबर असलेल्या कृपेने केले. म्हणजे श्रम झाले होते, ते मोजता येण्यासारखे होते, आणि ते झालेच नाहीत असे सांगणे त्याला नम्रतेचे लक्षण वाटले नाही. आमच्याकडे मात्र सत्काराला उत्तर देताना 'मी तर काहीच केले नाही, सगळे प्रभूने केले' असे म्हणण्याची प्रथा आहे. ज्याने खरोखर राबून काम उभे केले त्याच्या तोंडी हे विधान खरे नसते, आणि ज्याने काहीच केलेले नसते त्याला ते फार सोयीचे असते. दोघांची भाषणे शब्दशः सारखी निघतात, ही यातली गंमत आहे.

नुसत्या शब्दांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाची, प्रार्थना पुन्हा वाचावी. 'हे देवा, मी तुझे आभार मानतो' अशीच ती सुरू होते. आपल्या उपासांचे आणि दशांशाचे श्रेय त्याने रीतसर देवालाच दिले होते. फक्त ते देताना शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराला त्याने पायपुसणे केले. येशूने त्याला नाकारले ते श्रेय देवाला दिले नाही म्हणून नव्हे.

आता आमच्या आवारात काय चालते ते सांगतो. मंडळीच्या वर्धापनदिनाचा फ्लेक्स लागतो. वरच्या कडेला 'सर्व गौरव देवाला' अशी बारीक ओळ असते आणि तिच्याखाली पाळक, सचिव, खजिनदार आणि प्रमुख पाहुणे यांचे त्या ओळीच्या पाचपट उंचीचे चेहरे असतात. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाची उपकारस्तुती करण्याच्या दिवशी, वेदीपुढे ऊस, भोपळे, बाजरीची कणसे, नारळ, घरी भाजलेले केक आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी असे सगळे मांडलेले असते. उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव होतो. लिलावाला माझा विरोध नाही, त्यात मौज असते आणि मंडळीच्या तिजोरीत चार पैसे पडतात. पण एका दुधी भोपळ्यावर बोली चढत जाते, शेवटी तो काही हजारांना सुटतो, घेणाऱ्याचे नाव कर्ण्यावरून तीनदा पुकारले जाते, आणि ते नाव पुकारणारा निवेदक 'हे सगळे प्रभूचेच दान आहे' असेही म्हणतो. भोपळा ज्या माउलीने गावाकडून एसटीने मांडीवर ठेवून आणला तिचे नाव मात्र कोणी घेत नाही. त्याच वेळी इमारतीच्या मागच्या नळावर दोन-तीन बायका पदर खोचून जेवणाची पातेली घासत असतात. समारोपात जाहीर होते की प्रभूच्या कृपेने स्नेहभोजन उत्तम पार पडले. पातेली घासणाऱ्यांचे हात हे त्या कृपेचेच हात होते, एवढे एक वाक्य जोडायला किती वेळ लागला असता?

हे एक वाक्य जोडण्यासाठी पौलाने अख्खा अध्याय खर्ची घातला आहे. रोमकरांस पत्र हे कृपेच्या सिद्धान्ताचे सर्वांत सविस्तर विवेचन मानले जाते. मनुष्य आपल्या कर्मांच्या बळावर देवापुढे उभा राहू शकत नाही, हे त्यात निरनिराळ्या बाजूंनी मांडले आहे. आणि त्याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात तीसहून अधिक माणसांची नावे आहेत. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिने आपल्याला आणि इतर पुष्कळांना साहाय्य केले, असे तो लिहितो. प्रिस्क आणि अक्विला या जोडप्याने माझ्यासाठी स्वतःची मान धोक्यात घातली आणि त्यांचे आभार मी एकटाच मानतो असे नाही, असे तो लिहितो. अमुक स्त्रीने तुमच्यासाठी फार श्रम केले, तमुक माझ्याबरोबर तुरुंगात होते, रूफसाची आई ही मलाही आईच झाली. एवढेच नव्हे, तर पौल सांगत असताना ज्याने ते पत्र हाताने उतरवून घेतले त्या तर्तियसालाही मध्येच आपले नाव घालून सलाम सांगण्याची मुभा मिळाली आहे. कृपेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आपल्या लेखनिकाचे नाव गाळत नाही. आमच्या वार्षिक अहवालांत मात्र 'परमेश्वराच्या असीम कृपेने पुढील कार्यक्रम संपन्न झाले' या वाक्याखाली कार्यक्रमांची जंत्री असते आणि शेवटी पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. पदाधिकाऱ्यांचे नाव छापताना कृपेच्या सिद्धान्ताला कधी बाध आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या बाबतीत आमच्या मराठी मातीतले उदाहरण काढायचे तर पुण्याहून लांब जाण्याची गरज नाही. देहूच्या तुकोबांनी आपल्या बोलण्याचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. साळुंकी गोड बोलते, पण तिला बोलायला शिकवणारा धनी वेगळाच असतो, असे त्यांनी म्हटले आहे. मात्र आपल्याला मंत्र देणाऱ्या बाबाजींचे आणि स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगणाऱ्या नामदेवांचे नावही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने घेतले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे आम्ही रविवारी गातो. सगळे श्रेय देवाला देऊनही माणसाचे ऋण कसे फेडायचे, हे टिळकांनी त्या एका कबुलीत दाखवून दिले, असे मला वाटते. कारण ज्या संताचे ऋण ते मान्य करत होते तो ख्रिस्ती नव्हता, आणि ते मान्य करणे त्यांच्या काळातील काही मिशनरी मंडळींना फारसे रुचणारे नव्हते हे उघड आहे.

त्याहून ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, १८९० मध्ये ते पुण्यात आणले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा यांना घेऊन आल्यावर दौंड तालुक्यातील केडगावला मुक्ती मिशनचा पसारा उभा राहिला. आपले काम देवाने चालवले आहे, हे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या आणि त्यांच्या सांगण्यात लटकेपणा होता असे त्यांच्या विरोधकांनीही सहसा म्हटले नाही. पण ही बाई श्रेय कसे देत होती ते पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. चारच वर्षांनी, १८८७ मध्ये, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि ते त्यांनी अर्पण केले आपल्या आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना. लक्ष्मीबाई अखेरपर्यंत हिंदू होत्या, तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या कुटुंबात त्यांनी मुलीला संस्कृत शिकवले आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचा अंत झाला. आपल्या आयुष्याला उजेड दाखवणारी म्हणून रमाबाईंनी त्या अर्पणपत्रिकेत आईचा उल्लेख केला आहे. आजच्या आमच्या एखाद्या साक्षीच्या सभेत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याच्या सभेत, कोणी असा उल्लेख केला असता, तर 'जगाचा प्रकाश ख्रिस्त आहे' अशी दुरुस्ती सुचवणारे दोघे-तिघे नक्की निघाले असते.

रमाबाईंच्या कामाला आरंभीची दहा वर्षे पैसा पुरवण्यासाठी १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या वार्षिक सभा होत आणि त्यांचे अहवाल छापले जात. देवाने पुरवले, असे म्हणणाऱ्या रमाबाईंना कोणाच्या हातून पुरवले हे सांगताना संकोच वाटला नाही. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. कृपेवर त्यांची अढळ श्रद्धा होती, तरी हिब्रूची व्याकरणे त्यांनी स्वतःच घोकली. ते भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातांनी जुळवले गेले. ज्या मुलींना आपले नावही लिहिता येत नव्हते त्या मुली खिळे उचलून ओळी जुळवू लागल्या, हा माझ्या लेखी त्या कामातला सर्वांत मोठा चमत्कार आहे, आणि त्या चमत्काराला शिकवणाऱ्या बायकांचे तास लागले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. मुक्तीचे काम देवाने केले असे म्हणायला माझी तिळमात्र हरकत नाही. पण ते नुसते देवाने केले असे म्हटले की खिळे जुळवणाऱ्या मुली आणि त्यांना शिकवणाऱ्या बायका दोघीही पानावरून पुसल्या जातात.

याच्या उलटचे उदाहरण शास्त्रातच आहे आणि आमच्या मंडळ्यांत त्याच्यावर उपदेश क्वचितच होतो. इस्राएलचा सेनानी गिदोन याची अर्धी गोष्ट शब्बाथ शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मिद्यान्यांशी लढायला बत्तीस हजार माणसे जमली. इस्राएल आपल्याच हाताने वाचलो असे म्हणून फुशारेल, म्हणून देवाने संख्या घटवली. घाबरलेले बावीस हजार परत गेले, दहा हजार उरले, आणि पाण्यावरच्या कसोटीनंतर केवळ तीनशे उरले. श्रेय देवाचे हे त्या तीनशेंनी सिद्ध झाले. पुढचा भाग आम्ही वाचत नाही. विजयानंतर लोक गिदोनाला म्हणतात की तू आमच्यावर राज्य कर, आणि तो उत्तर देतो की मी राज्य करणार नाही, परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील. इतके निर्दोष उत्तर आमच्या एखाद्या बिशपांनाही सुचणार नाही. पण त्याच दमात तो म्हणतो, एक मागणे आहे, लुटीतल्या कुड्या मला द्या. सतराशे शेकेल सोने जमते, म्हणजे आजच्या मापाने वीस किलोच्या आसपास. त्याचे तो एफोद नावाची पूजेची वस्तू करून आपल्या गावात ठेवतो आणि ते त्याला व त्याच्या घराण्याला पाश होऊन बसते. गादी नाकारली, सोने ठेवले. श्रेय देवाला दिल्यावर हिशेब मागायची सोय राहत नाही, आणि गिदोनाकडेही कोणी तो मागितला नाही.

हिशेबाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची खरी परीक्षा येथे आहे. शहरातल्या एका मंडळीत नव्या सभागृहाचे बांधकाम झाले. उद्घाटनाला 'हे सभागृह परमेश्वराने बांधले' असे तीन वक्त्यांनी सांगितले. पुढे वार्षिक सभेत एका सभासदाने सिमेंट आणि लोखंडाच्या पावत्या दाखवा असे म्हणताच त्याला उत्तर मिळाले की, प्रभूच्या कामात संशय घेऊ नये. देवाने बांधलेल्या इमारतीची पावती कोण मागणार? अशा वेळी देवाच्या नावाचा उपयोग ढालीसारखा होतो, आणि आपल्या हातून झालेल्या कामावर कोणी बोट ठेवू नये यासाठीच ते काम देवाच्या नावावर चढवलेले असते. पौलाने असे केले नाही. यरुशलेमेतील गरिबांसाठी ग्रीक मंडळ्यांतून वर्गणी गोळा झाली, तेव्हा त्या दानशूरपणालाही त्याने देवाची कृपाच म्हटले. पण ती रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे बरोबर घेतली, आणि एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्याला दोष लावू नये, प्रभूच्याच दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आपण पाहतो, असे स्पष्ट लिहिले. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय प्रत्येक खजिनदाराच्या टेबलावर चिकटवून ठेवावा. सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे लेखापरीक्षण महाराष्ट्रातील १९५० च्या कायद्यानेही बंधनकारक आहे. पण ज्यांच्यावर पौलाचा प्रभाव पडला नाही त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांचा किती पडणार, हा प्रश्नच आहे.

आता साक्षीबद्दल. आजारातून उठलेला माणूस उपासनेत उभा राहून देवाचे आभार मानतो, ही आमच्या समाजातील एक सुंदर प्रथा आहे, आणि ती बंद पडावी असे मला मुळीच वाटत नाही. पण डॉक्टरांनी हात टेकल्याशिवाय आमच्याकडे साक्ष पुरी होत नाही. प्रत्यक्षात डॉक्टरांनी हात टेकलेले नसतात. ते रात्रभर चालवलेले असतात. रक्त देणारे असतात, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका असतात, ज्यांतल्या अनेक आमच्याच मंडळ्यांतल्या मुली असतात आणि साक्ष चालू असताना मागच्या बाकावर झोपेने पेंगत बसलेल्या असतात. कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या बेन सीराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राख, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे, असे सांगितले आहे. कलस्सैकरांस पत्रात पौलाने लूकाला प्रिय वैद्य म्हटले आहे. पौल इतरांना प्रार्थनेने बरे करत असे, तरीही त्याच्या सोबत्यांत एक वैद्य होता आणि त्याची ती ओळख पौलाने झाकली नाही.

साक्षीतला दुसरा दोष अधिक कठोर आहे. 'प्रार्थना केली म्हणून प्रभूने मला वाचवले' असे एक गृहस्थ सांगत असतात, तेव्हा तिसऱ्या बाकावर एक बाई बसलेली असते जिचा नवरा त्याच महिन्यात त्याच आजाराने गेलेला असतो आणि जिने प्रार्थना काही कमी केलेली नसते. त्या वाक्यात तिच्यासाठी काय उरते? लूकानेच लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा बारावा अध्याय या प्रश्नाला भिडतो, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो. अध्यायाच्या आरंभी हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. एका ओळीत ते सांगून होते. मग तो पेत्राला पकडतो, मंडळी प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, आणि सुटलेला पेत्र दार ठोठावतो तेव्हा रुदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार उघडायचे विसरूनच आत धावत सुटते. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नव्हती काय? केलीच असणार. लूक त्याचे कारण देत नाही, याकोबाच्या विश्वासात काही उणे होते असेही सुचवत नाही, आणि पेत्राच्या सुटकेचा आनंदही लपवत नाही. दोन्ही गोष्टी तो शेजारी शेजारी ठेवतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातही विश्वासाने तलवारीच्या धारेपासून बचावलेले आणि विश्वास असूनही तलवारीने वधलेले एकाच यादीत आहेत. साक्ष देणाऱ्याने देवाचे आभार मानावेत, पण आपण वाचलो याचे कारण आपल्याला कळले आहे असा आव आणू नये. तेवढ्याने तिसऱ्या बाकावरच्या बाईला मान वर करून बसता येईल.

प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच बाराव्या अध्यायाच्या शेवटी हेरोदाचा अंत आहे. राजवस्त्रे घालून तो आसनावर बसून भाषण करतो, लोक ओरडतात की ही देवाची वाणी आहे, माणसाची नव्हे, आणि त्याने देवाला गौरव दिला नाही म्हणून तो कीड पडून मरतो. यहुदी इतिहासकार योसेफस यानेही इ.स. ४४ मधील हा प्रसंग सांगितला आहे. त्याच्या वर्णनात राजाचे वस्त्र रुप्याचे होते आणि सकाळच्या उन्हात ते झळकत होते. आमचे उपदेशक हा भाग फार आवडीने सांगतात आणि ऐकणारे फिल्मी नट, क्रिकेटपटू, राजकीय पुढारी असे कोणाकोणाकडे बोट करतात. पण हेरोदाने केलेला गुन्हा फार साधा होता: लोक ओरडत होते आणि तो गप्प बसला. खोटी स्तुती कानांवर पडत असताना गप्प बसण्याचे कसब अंगी येण्यासाठी राजा असावे लागत नाही, पाळकीय समितीचा सभासद असणेही पुरते.

अपयशाचा हिशेब तर आम्ही फारच सोपा करून ठेवला आहे. तरुण संघाचे शिबिर यशस्वी झाले तर प्रभूची कृपा, आणि फसले तर सैतानाचा अडथळा. शिबिराची तारीख महाविद्यालयीन परीक्षांच्या आठवड्यात ठेवली कोणी, हे कोणी विचारत नाही. यश देवाचे आणि अपयश सैतानाचे अशी वाटणी झाली की आमच्या वाट्याला काहीच उरत नाही, ना श्रम ना चूक. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो' हे फिलिप्पैकरांस पत्रातील वचन भिंतीवर लावणाऱ्यांनी त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण तुमच्यात कार्य करणारा देव आहे, असे लिहिले आहे तेही लावावे. तेथे देवाचे कार्य हे आपण कामाला लागण्याचे कारण म्हणून सांगितले आहे, सुटकेचे निमित्त म्हणून नव्हे.

मानधनाबद्दल थोडेसे लिहून थांबतो. चर्चचा राखणदार, झाडलोट करणारी बाई, ऑर्गन वाजवणारा तरुण यांनी महिन्याचे पैसे वेळेवर मागितले की 'अहो, ही तर देवाची सेवा, श्रेय देवाघरी मिळेल' असे हसत हसत ऐकवले जाते. बाख या जर्मन संगीतकाराने आपल्या अनेक चर्चरचनांच्या शेवटी 'गौरव केवळ देवाला' अशा अर्थाची अक्षरे लिहिली आहेत, हे आमच्या गायनवृंदांत कौतुकाने सांगितले जाते. त्याच बाखने १७३० च्या ऑगस्टमध्ये लाइपझिगच्या नगरपरिषदेला खरमरीत निवेदन देऊन पुरेसे गायक आणि वादक हवेत आणि त्यांना पोटाची चिंता न करता साधना करता यावी असे बजावले होते, हेही सांगायला हवे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे शब्द आहेत, आणि ते शब्द श्रीमंतांना उद्देशून आहेत, परंतु चर्चच्या खजिन्याला त्यातून सूट दिल्याचे मला आढळले नाही.

पुण्यातील मराठी मंडळ्यांच्या समित्यांना माझी विनंती एवढीच आहे की, येत्या हंगामाच्या सणापासून अहवालात आणि कर्ण्यावरही काम करणाऱ्यांची नावे घ्यावीत, त्यांत स्वयंपाकघरातील आणि आवार झाडणारी माणसे आधी यावीत आणि पदाधिकारी शेवटी. लिलावात बोली लावणाऱ्याच्या जोडीला वस्तू आणणाऱ्याचेही नाव पुकारावे. त्या दिवशी जमलेली रक्कम आणि झालेला खर्च पुढच्या रविवारी सूचनाफलकावर लावावा, पावत्या समितीच्या खोलीत पाहायला ठेवाव्यात आणि त्या पाहायला येणाऱ्याला चहा द्यावा. उपकारस्तुतीची प्रार्थना नेहमीप्रमाणे पाळकांनीच करावी. तिच्यातला एक शब्दही बदलायला नको.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक,
नाना पेठ, पुणे